चाला, पण कुठे? कालव्याच्या काठाचे गुण आणि दोष

गेल्या हंगामातली गोष्ट. नोव्हेंबर महिना होता, पहाटेचे साडेपाच वाजले असतील. एका रुग्णाला पाहून मी नीरा-बारामती रस्त्याने सोमेश्वरनगरकडे परत येत होतो. पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन ट्रॉल्या होत्या. शेवटच्या ट्रॉलीला ना दिवा, ना चमकणारी पट्टी. मी गाडी हळू केली, तेव्हा ट्रॉलीच्या बाजूला डांबराच्या अगदी कडेने चार बायका चालताना दिसल्या. अंगावर गडद रंगाच्या शाली आणि मागून येणाऱ्या वाहनांकडे पाठ. ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस त्यांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून गेला.

त्यातल्या एक मावशी माझ्याच रुग्ण. मी काच खाली करून विचारले, "मावशी, एवढ्या अंधारात रस्त्यावर कशाला आलात?"

त्या हसून म्हणाल्या, "आता काय सांगावं? तुम्हीच म्हणालात न्हवं का डॉक्टर, रोज अर्धा तास चालायचं म्हणून!"

मला उत्तर सुचले नाही. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला मी 'चाला' म्हणून सांगतो. गोळी किती वाजता घ्यायची, जेवणाआधी की जेवणानंतर, हे चिठ्ठीवर लिहून देतो. पण चालायचे कुठे, हे मी त्या मावशींना कधी सांगितलेच नव्हते. गोळ्या लिहून दिल्या आणि औषधांचे दुकान सांगितले नाही, तसाच हा प्रकार. आजचा लेख ती चूक दुरुस्त करण्यासाठी आहे.

चालण्याने होते काय?

चालताना पायांचे मोठे स्नायू काम करू लागतात आणि रक्तातील साखर ओढून घेतात. एरवी साखर स्नायूत शिरण्यासाठी इन्सुलिनची किल्ली लागते. आखडणारा-सैलावणारा स्नायू मात्र या किल्लीवाचूनही साखर आत घेऊ शकतो. शिवाय चालून आल्यावर इन्सुलिनचे कामही सुधारते आणि हा परिणाम साधारण एक-दोन दिवस टिकतो. म्हणूनच आठवड्यातून एकदा दहा किलोमीटर चालून सहा दिवस बसून राहण्यात अर्थ नाही. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा पडू नये, असे मधुमेहाचे तज्ज्ञ सांगतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा. म्हणजे रोज ३० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. मध्यम गती कशी ओळखावी? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. साधारण मिनिटाला शंभर पावले पडली की ही गती साधते. या गतीने अर्ध्या तासात दोन किलोमीटरच्या आसपास चालणे होते.

हे सगळे आपल्यासाठी का महत्त्वाचे, तेही पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने देशभर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये देशातील जवळजवळ निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के. बायका आळशी असतात म्हणून हा फरक पडला, असे कोणी समजू नये. घरातील काम संपत नाही आणि बाहेर पडावे तर बरी जागा नाही, ही त्यामागची मोठी कारणे आहेत.

एक खुलासा. ज्यांचा दिवस कोयत्यावर, मोळी बांधण्यात किंवा खुरपणीत जातो, त्यांना वेगळे चालायला जायला सांगणे म्हणजे त्यांची थट्टाच आहे. त्यांना विश्रांती, पोटभर अन्न आणि पाणी यांची गरज जास्त. चालण्याचा हा सल्ला टेबलावर, गल्ल्यावर, गाडीवर किंवा बहुतांशी घरात बसून ज्यांचा दिवस जातो त्यांच्यासाठी आहे.

जागेची परीक्षा

व्यायामाची जागा विकत घ्यायची नसते, म्हणून आपण तिची परीक्षा करत नाही. बैल घेताना दात पाहतो, जमीन घेताना विहीर पाहतो. मग रोज अर्धा तास जिथे घालवायचा ती जागा का पाहू नये?

परदेशात अशी परीक्षा कशी करतात याचे एक उदाहरण देतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील ओक ग्रोव्ह या सार्वजनिक बागेत १९७५ साली 'डिस्क गोल्फ' या खेळाचे पहिले कायमचे मैदान झाले. प्लॅस्टिकची चकती हाताने फेकायची, ती पडेल तिथवर चालत जायचे, पुन्हा फेकायची आणि शेवटी ठरलेल्या खांबापर्यंत पोहोचवायची, असा हा खेळ. आता अशा खांबांना साखळ्यांची टोपली लावलेली असते. अशी बहुधा अठरा ठाणी पुरी करायची. खेळाच्या नादात माणूस तास-दोन तास झाडांतून चालतो आणि चाललो हे त्याच्या ध्यानातही येत नाही. खर्च थोडा आणि लहान-थोर सगळ्यांना जमणारा खेळ, हे त्याचे गुण. दोषही आहेत. त्याच बागेतून फिरायला जाणाऱ्याला चकती लागू शकते, झाडांच्या खोडांना मार बसतो, एकाच जागी पावले पडून माती उघडी होते आणि एकाच हाताने फेकून खांदा-कोपर दुखावते. म्हणून तिथले खेळाडू मैदानाची चर्चा करताना गुण आणि दोष असे दोन रकाने मांडतात. ही रीत घेण्यासारखी आहे. आपल्याकडे चकत्यांचे मैदान नाही, पण जवळ कालवा आहे. त्याचेच दोन रकाने आज मांडू.

कालव्याच्या काठाचे गुण

नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळातला. वीर धरणापासून निघून बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून तो सुमारे दीडशे किलोमीटर जातो. त्याच्या भरावावरून पाटबंधारे खात्याची वाट असते. आपण तिला कॅनॉलपट्टी म्हणतो. बारामती शहरात या काठाचे सुशोभीकरण झाले आहे. खेड्यांत मात्र अजून साधी मातीची वाटच आहे. तरीही व्यायामाच्या दृष्टीने तिचे चार गुण मोठे आहेत.

पहिला गुण सपाटीचा. पाणी आपल्या वजनाने हळूहळू पुढे जावे म्हणून कालवा अगदी थोड्या उताराने काढलेला असतो. त्यामुळे काठावरून चालताना चढ जवळजवळ लागतच नाही. हृदयविकारातून उठलेल्या, गुडघेदुखीच्या किंवा नव्यानेच चालू लागलेल्या माणसाला यापेक्षा सोयीची वाट मिळणे कठीण.

दुसरा गुण मातीचा. मुरमाची दबलेली वाट डांबरापेक्षा पायाला मऊ लागते. टाचदुखी असणाऱ्यांना हा फरक लगेच कळतो.

तिसरा गुण असा, की रस्त्यापेक्षा इथे वाहने फार कमी. धूर नाही, कर्णे नाहीत. कडेला झाडे असतील तिथे सावली आणि पाण्याचा गारवा मिळतो. जिथे मन रमते तिथे माणूस दुसऱ्या दिवशीही जातो. व्यायामात हा गुण सर्वांत मोलाचा.

चौथा गुण म्हणजे पैसे पडत नाहीत. वर्गणी नाही, कपड्यांचा थाट नाही. चपलेऐवजी बंद बूट असले की झाले.

कालव्याच्या काठाचे दोष

आता दुसरा रकाना. हा काठ चालण्यासाठी बांधलेला नाही, पाण्यासाठी बांधलेला आहे. म्हणून त्याचे दोषही गंभीर आहेत.

पहिला दोष पाण्याचाच. पाळी सुटली की कालवा भरून आणि वेगाने वाहतो. वरून संथ दिसतो, पण आतली बाजू उतरती आणि शेवाळलेली असते. पडलेल्या माणसाला तिथे पाय रोवता येत नाही आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. चूळ भरायला किंवा चप्पल धुवायला खाली उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. लहान मुलांना काठावर मोकळे सोडू नये.

दुसरा दोष अंधार आणि एकांत. दिवे नाहीत, वस्ती दूर. पुरुषाला जी वाट शांत वाटते तीच वाट एकट्या बाईला धास्तीची वाटते. ज्या वाटेवर निम्म्या गावाला जाता येत नाही, ती सार्वजनिक जागा अर्धीच म्हणायची.

तिसरा दोष गवत आणि ऊस यांचा. उंदीर आहेत तिथे साप येणारच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप महाराष्ट्रात आढळतात आणि अंधारात पाय पडल्यावर ते चावतात. मोकाट कुत्र्यांचाही त्रास असतो.

चौथा दोष ऋतूचा. पावसाळ्यात काळी माती निसरडी होते. सत्तरीच्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले, तर चालण्याने झालेला सगळा फायदा एका दिवसात बुडतो. हिवाळ्यात जवळच्या रानात पाचट पेटवलेले असेल, तर थंड हवेत धूर खाली साचून राहतो. दमेकऱ्यांनी अशा पहाटे घराबाहेर पडू नये.

पाचवा दोष सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ही वाट सरळ लांब जाते, वळून घरी येत नाही. मैदानावर थकलो की फाटक जवळच असते. काठावर मात्र जेवढे पुढे गेलो, तेवढे परत यावेच लागते.

दोष टाळून गुण कसे घ्यावेत?

१) उजाडल्यावर निघा. पहाटे चारलाच चालले पाहिजे, असे कोणत्याही शास्त्रात नाही. सकाळी सात-आठ किंवा संध्याकाळी पाच ही वेळ तितकीच चांगली. रात्रीच्या जेवणानंतर अंगणात दहा-पंधरा मिनिटे चालले तरी जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात राहायला मदत होते. एप्रिल-मेमध्ये ऊन चढण्याआधी परत या.

२) घड्याळ लावून चाला. पंधरा मिनिटे पुढे, पंधरा मिनिटे मागे. पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटे पुरेत. दम लागल्यावर मागे फिरू नका, दम लागायच्या आत फिरा.

३) दोघी-तिघी मिळून जा आणि भरावाच्या पाण्याकडील कडेपासून दूर चाला. कानात मोबाइलची गाणी लावू नका. मागून येणारी मोटारसायकल आणि कुत्रे कानालाच आधी कळतात. हातात काठी ठेवा.

४) मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. श्रावणात करंज्याच्या सोमेश्वराला अनवाणी जाण्याचा नेम असेल, तर देवळाच्या पायरीपर्यंत चप्पल ठेवावी. घरी आल्यावर तळवे पाहावेत, दिसत नसल्यास आरसा धरावा.

५) इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये. घाम फुटणे, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची लक्षणे. खिशात साखरेची पुडी ठेवा आणि लक्षणे दिसताच तीन चमचे साखर खा. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच घ्या. साखर कारखान्याच्या गावात चमचाभर साखरेवाचून कोणी बेशुद्ध पडू नये.

६) छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम असे झाले तर तिथेच बसा. "घरी जाऊन बघू" म्हणू नका. १०८ क्रमांकावर फोन करा. हृदयविकार असलेल्यांनी आणि ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही त्यांनी चालणे सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

७) कोणी पाण्यात पडल्यास मागे उडी टाकू नका. दोर, पंचा, साडी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेका आणि आरडाओरडा करा. साप चावल्यास आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. तो अवयव हलू न देता रुग्णाला तातडीने सरकारी रुग्णालयात न्या. कुत्रा चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

नुसते चालणे पुरे का?

सपाट वाटेचा एक तोटा असाही आहे, की मांड्यांना चढाचे काम मिळत नाही. म्हणून आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम हवा. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला हात लावून दहा वेळा रेटा द्या. साठी ओलांडलेल्यांनी खुर्ची धरून एका पायावर दहा मोजेपर्यंत उभे राहावे, म्हणजे तोल सुधारतो आणि पडणे टळते.

अनेक गावांत आता खुल्या व्यायामशाळांची रंगीत यंत्रे बसली आहेत. घराजवळ असणे हा त्यांचा गुण. पण काही यंत्रे नुसती झुलतात, त्यांत स्नायूंवर भार पडत नाही. दुपारी लोखंड तापते आणि सांध्यांत मुलांची बोटे अडकतात. यंत्र हलते म्हणजे व्यायाम झाला, असे समजू नये.

काठ सोयीचा नसेल त्यांनी शाळेच्या किंवा कॉलेजच्या मैदानावर, परवानगी घेऊन, फेऱ्या माराव्यात. देवळाचे आवार, घराची गच्ची, बाजाराच्या दिवसाखेरीज रिकामा असणारा बाजारतळ, याही चालण्याच्या जागाच आहेत. मोठा रस्ता मात्र शेवटचा पर्याय समजा. तोही घ्यावाच लागला, तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चाला आणि पांढरे किंवा फिके कपडे घाला. ऊस वाहतुकीच्या दिवसांत, म्हणजे साधारण दिवाळीच्या सुमारापासून उन्हाळा लागेपर्यंत, अंधारात त्या रस्त्याला जाऊच नका.

गावाने काय करावे?

इथवर सांगितलेले प्रत्येकाने स्वतः करायचे आहे. पण काही दोष एकट्यादुकट्याने जाणारे नाहीत. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघाला की बहुधा औषध फवारणीवरच चर्चा थांबते. पुढच्या सभेत बायकांनी मिळून एक अर्ज द्यावा. मागणी मोठी नको. वस्तीजवळचा एकच किलोमीटर काठ निवडावा आणि पाटबंधारे खात्याची परवानगी घेऊन तेवढाच नीट करावा. त्यावर चार-सहा दिवे, महिन्यातून एकदा गवताची छाटणी, पुलाजवळ कठडा, बसायला दोन बाके आणि शंभर-शंभर मीटरवर चुन्याने रंगवलेला एक दगड. पाण्याच्या बाजूला ठरावीक अंतरावर दोर बांधून ठेवला तर उत्तमच. एक किलोमीटर जाऊन परत आले की दोन किलोमीटर होतात, म्हणजे एका माणसाचा दिवसाचा व्यायाम पुरा झाला.

आणि ट्रॅक्टरमालकांना एक विनंती. ट्रॉलीच्या मागे चमकणारी पट्टी लावायला फारसा खर्च येत नाही. त्या पट्टीच्या पुढे चालणारी बाई तुमच्याच गावची असते.

त्या मावशी आता सकाळी साडेसातला, सूनबाईंना शाळेचे डबे भरून झाल्यावर, शेजारणीसोबत काठावर जातात. पंधरा मिनिटे पुढे, पंधरा मिनिटे मागे. पावसाळ्यात गच्चीवर फेऱ्या घालतात. परवा तपासणीला आल्या तेव्हा पायात बंद बूट होते आणि कनवटीला साखरेची पुडी. मीही माझी सवय बदलली आहे. चिठ्ठीवर 'रोज ३० मिनिटे चालणे' असे लिहिल्यावर आता थांबतो आणि विचारतो, "कुठे चालणार?" उत्तर मिळाले की तेही शेजारी लिहितो. वाचकहो, आपणही आजच घरात हा प्रश्न विचारा आणि आपल्या जागेचे दोन रकाने मांडा.